हीट रेकॉर्डची अकराशे फोल्डरं: शिरोलीच्या एका फाउंड्रीतलं नावबदलाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मध्यम फाउंड्रीचं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, घडलेला क्रम तसाच ठेवला आहे. कारखान्यात ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या बिडाच्या दोन प्रकारांची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, निघतात: पंपाचं हाउसिंग, व्हॉल्व्ह बॉडी, ट्रॅक्टरसाठीचे ब्रॅकेट. लहान कारखान्यांची कागदपत्रं आणि संगणकावरची रेकॉर्ड लावून देणं हे माझं काम, आणि त्याच नात्याने मी इथे गेलो होतो.

फाउंड्रीत न वावरलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या लोखंडाला 'हीट' म्हणतात आणि प्रत्येक हीटला नंबर असतो. ओतण्याआधी त्या लोखंडाचा नमुना स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, तपासतात. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस किती आहे याचा रिपोर्ट निघतो. पुढे सहा महिन्यांनी ग्राहकाच्या मशीन शॉपमध्ये एखादं कास्टिंग तडकलं, तर त्यावरचा नंबर पाहून ती हीट शोधायची, त्याच हीटची बाकीची कास्टिंग कुठे गेली ते पाहायचं आणि गरज पडली तर ती थांबवायची. ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटमध्ये हा शोध लागणं किंवा न लागणं ही साधी बाब नाही. म्हणून रेकॉर्ड कुठल्या नावाने ठेवलंय याला इथे खरोखर किंमत आहे.

या कारखान्यात एप्रिल २०१७ पासून संगणकावर 'हीट रेकॉर्ड' नावाचं एक सामायिक फोल्डर होतं आणि त्यात रोजचं एकेक फोल्डर. आत स्पेक्ट्रो रिपोर्ट, सँड लॅबचा (साच्याच्या वाळूच्या तपासणीचा) रिपोर्ट, हीट लॉगशीटचा फोटो, कधी मायक्रोस्कोपखालचा फोटो. रोजच्या फोल्डराचं नाव काय असावं हे मात्र कुणीच ठरवून दिलं नव्हतं. ज्याची पाळी, त्याची पद्धत. १४ मार्च २०१९ चं फोल्डर एकाने '१४-०३-२०१९' असं केलं, दुसरा '१४.०३.१९' करायचा, तिसरा महिन्याचं नाव इंग्रजीत पूर्ण लिहायचा. रात्रपाळीचं फोल्डर कधी वेगळं असायचं, कधी नसायचं. काहींच्या नावात देवनागरीत 'रात्र' लिहिलेलं.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचा महापूर आला. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं, कामगार पोचेनात, भट्टी थांबली. तेव्हा खबरदारी म्हणून ऑफिसच्या संगणकातलं सगळं एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घाईने उतरवलं आणि पाणी ओसरल्यावर नव्या संगणकावर परत चढवलं. ती हार्ड डिस्क मग अकाउंट्सच्या कपाटात पडून राहिली. पुढे तिचं महत्त्व फार वाढणार आहे, म्हणून आत्ताच नोंदवून ठेवतो.

अडचण

२०२१ च्या अखेरीस पुण्याच्या एका ग्राहकाचं ऑडिट झालं. ऑडिटरने डिस्पॅचच्या रॅकमधून एक कास्टिंग उचललं, त्यावरचा नंबर वाचला आणि म्हणाला, याचा स्पेक्ट्रो रिपोर्ट दाखवा. तो सापडायला पाऊण तास गेला. रिपोर्ट होता, व्यवस्थित होता, पण नावांनी लावलेल्या यादीत सगळ्या वर्षांतल्या सगळ्या महिन्यांच्या एक तारखा आधी येतात, मग सगळ्या दोन तारखा, आणि ठिपकेवाल्या व महिना अक्षरांत लिहिलेल्या नावांची त्यात सरमिसळ. ऑडिटरने शेरा मारला: नोंदी आहेत, पण शोधता येत नाहीत.

उपाय सगळ्यांना पटण्यासारखा होता. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: २०१९-०३-१४. तारीख लिहिण्याचं हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ८६०१, १९८८ साली पहिल्यांदा निघालेलं. याचा व्यावहारिक फायदा इतकाच की नावांनी लावलेली यादी आपोआप तारखांनी लागते.

पहिला प्रयत्न

मला बोलावणं येण्याआधीच कारखान्यातल्या एका शिकाऊ इंजिनिअरने हे काम अंगावर घेतलं होतं. मुलगा हुशार आणि मनापासून काम करणारा. त्याने आठ ओळींची बॅच फाइल लिहिली, म्हणजे विंडोजने ओळीने चालवायच्या कमांडची टेक्स्ट फाइल. (पुढे कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, संगणकावर त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप कराव्या लागतात.) 'फॉर /डी' ही कमांड एकेक फोल्डर उचलते. त्याच्या नावातली पहिली दोन अक्षरं दिवस, चौथं-पाचवं अक्षर महिना, सातव्यापासूनची चार अक्षरं वर्ष असं धरून 'रेन' कमांडने नवं नाव द्यायचं. डेस्कटॉपवर दहा-बारा नमुन्याची फोल्डरं करून त्याने चाचणी घेतली. सगळी बरोबर बदलली. मग त्याने ती खऱ्या फोल्डरावर चालवली.

काही सेकंदांत काम संपलं. यादी उघडली तर निम्म्याहून जास्त नावं ओळखू येईनात. 'ठिपके' पद्धतीची नावं '१९-०३-१४' झाली. ती २०१४ ची १९ मार्च म्हणूनही वाचता येतात. महिना अक्षरांत असलेल्या नावांचे तुकडे पडले. पण सगळ्यात बुचकळ्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती: जी नावं मुळात शिस्तीत होती, त्यांतलीही शेकडो बिघडली होती. '१४-०३-२०१९' या सरळ नावाचं '३-१४-९--२०' झालं होतं.

हे का झालं ते समजून घेण्यात आम्ही बराच वेळ घातला, आणि तो घालायलाच हवा होता, कारण काय उरलंय आणि काय गेलंय ते त्यावरच ठरणार होतं. बिघडलेल्या नावांकडे नीट पाहिल्यावर एक गोष्ट दिसली: शिस्तीत लिहिलेल्यांपैकी २१ ते ३१ तारखांची फोल्डरं बरोबर बदलली होती. घोळ होता तो १ ते २० तारखांमध्ये.

कारण असं. 'फॉर /डी' सगळी यादी आधी हातात घेऊन मग काम सुरू करत नाही. ती नावांच्या क्रमाने पुढे सरकत जाते, आणि वाटेत यादी बदलली तर बदललेली नावंही तिच्यासमोर येतात. '१४-०३-२०१९' चं '२०१९-०३-१४' झालं की ते क्रमाने पुढे, विसाच्या घरात, जाऊन बसतं. फिरत फिरत कमांड तिथे पोचली की ते तिला नवं फोल्डर वाटतं, आणि ती त्यावर पुन्हा तीच कापाकाप करते. '२५-०३-२०१९' चं मात्र '२०१९-०३-२५' होऊन ते मागे जातं, त्यामुळे परत सापडत नाही. दहा-बारा फोल्डरांच्या चाचणीत हे दिसलं नाही, कारण एवढी लहान यादी एका दमात वाचली जाते. हजारावर फोल्डरं असली की ती टप्प्याटप्प्याने वाचली जाते आणि मग हा प्रकार होतो.

दुसऱ्यांदा कापलेल्या नावात महिन्याचा पहिला आकडा गळतो. म्हणजे '१-१४-९--२०' हे जानेवारीचंही असू शकतं आणि नोव्हेंबरचंही. काही फोल्डरं तिसऱ्यांदाही सापडली होती आणि त्यांच्या नावात वर्षच उरलं नव्हतं. जिथे दोन नावं एकसारखी होत होती तिथे 'रेन' ने त्रुटी दाखवून फोल्डर तसंच सोडलं होतं. स्क्रीनवर त्या त्रुटी आल्या आणि वर सरकून गेल्या, त्यांचा लॉग, म्हणजे लेखी नोंद, कुठेच नव्हता. कमांड लाइनवर केलेला नावबदल एक्सप्लोररच्या कंट्रोल-झेडने मागेही घेता येत नाही.

समोर असलेले पर्याय

आता प्रश्न दोन झाले होते. मूळ तारखा परत मिळवायच्या आणि मग नवी नावं द्यायची. मालक, क्वालिटीच्या मॅडम, तो इंजिनिअर आणि मी असे चौघं बसलो.

मालकांचा पहिला विचार: दोन मुलं बसवा आणि हाताने बदला. हे मी उडवून लावलं नाही. आतला रिपोर्ट उघडून तारीख वाचणारा माणूस कुठल्याही कमांडपेक्षा भरवशाचा असतो. अडचण वेगाची नव्हती, तपासणीची होती. हाताने नाव बदललं की आधीचं नाव कुठेच राहत नाही, आणि चूक झालीय का हे नंतर कळायचा मार्ग उरत नाही.

दुसरा पर्याय खिडकीवाल्या तयार साधनांचा. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये पॉवररीनेम आहे, त्यात बदल करण्याआधी नवं नाव शेजारी दिसतं. नावं एकाच साच्याची असती तर मी तेच सुचवलं असतं. इथे साचा उरलाच नव्हता.

तिसरा, पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधलीच कमांड लिहायची नवी भाषा. तारखा ओळखण्यात ते बॅच फाइलपेक्षा कितीतरी सरस आहे, आणि 'व्हॉटइफ' लावलं की प्रत्यक्ष बदल न करता काय होईल ते दाखवतं. तांत्रिकदृष्ट्या हाच पर्याय वरचढ होता. पण मी गेल्यावर त्या कारखान्यात ती स्क्रिप्ट वाचू शकणारं कुणी नव्हतं, आणि क्वालिटीचं रेकॉर्ड बदलणारी गोष्ट क्वालिटीच्या माणसाला वाचता आली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

चौथा पर्याय मॅडमनी मांडला आणि तो सगळ्यात विचार करायला लावणारा होता: फोल्डरांना हातच लावू नका. एक्सेलमध्ये रजिस्टर करा, हीट नंबर एका रकान्यात, फोल्डरचं नाव दुसऱ्यात. ऑडिटरला रिपोर्ट हवा असतो, फोल्डरचं नाव काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. नावं बिघडायच्या आधी हा प्रश्न आला असता तर बहुधा मी त्यांच्याच बाजूने कौल दिला असता. पण बिघडलेल्या नावांवर रजिस्टर उभं करायचं तरी प्रत्येक फोल्डरची खरी तारीख शोधावी लागणारच होती. ती एकदा शोधली की नाव बदलणं हा त्यातला सगळ्यात लहान भाग.

त्या बोलण्यातूनच निर्णय निघाला. रजिस्टरच करायचं, आणि त्या रजिस्टरमधूनच नावबदलाच्या ओळी काढायच्या.

कृती: आधी यादी

पहिलं काम, सामायिक फोल्डर सगळ्यांसाठी फक्त वाचण्यापुरतं केलं आणि अकाउंट्सच्या कपाटातली हार्ड डिस्क शोधून काढली. तिच्यात ऑगस्ट २०१९ पर्यंतची सगळी फोल्डरं मूळ नावांसह होती. कुणीही ती जोडून काही साफ-सफाई करू नये म्हणून तिच्यावर चिठ्ठी चिकटवून ती मालकांच्या टेबलाच्या खणात ठेवली. वाचायची तेव्हा आमच्यासमोरच जोडायची असं ठरलं.

'डिर /बी /एडी' ने फक्त फोल्डरांच्या नावांची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवली. त्याआधी कमांड खिडकीला देवनागरी चालावी म्हणून 'सीएचसीपी ६५००१' चालवावं लागलं, नाहीतर 'रात्र' असलेल्या नावांच्या जागी यादीत प्रश्नचिन्हं येत होती. ही यादी एक्सेलमध्ये घेताना रकाना आधी 'टेक्स्ट' प्रकारचा करून घेतला. हे विसरलं तर एक्सेल तारखेसारखं दिसणारं प्रत्येक नाव स्वतःच तारीख समजून बदलतं, आणि संगणकाच्या सेटिंगप्रमाणे ०३-०४ चं ३ एप्रिल होईल की ४ मार्च याचा भरवसा राहत नाही.

मग तारखांचे पुरावे. फोल्डरचं नाव बदललं तरी त्याची निर्मितीची तारीख बदलत नाही, 'डिर /टी:सी' ती दाखवतं. सप्टेंबर २०१९ नंतरच्या फोल्डरांना याचा उपयोग झाला. त्याआधीच्या सगळ्यांची निर्मिती मात्र महापुरानंतर परत चढवलं त्या आठवड्यातली दिसत होती, कारण साधी कॉपी केली की फोल्डरला नवी निर्मिती तारीख मिळते. तिथे हार्ड डिस्क कामाला आली. दोन्हीकडच्या फोल्डरांच्या आतल्या फाइलींची यादी जुळवून कुठलं बिघडलेलं नाव मुळात कुठलं होतं ते ठरवलं. आतल्या फाइलींची 'शेवटचा बदल' तारीख कॉपी करूनही टिकते, ती तिसरा पुरावा म्हणून वापरली. जिथे दोन पुरावे जुळले तिथे तारीख मान्य. नाही जुळले तिथे मॅडमनी रिपोर्ट उघडून वाचला.

रात्रपाळीची तारीख

इथे सगळं काम अडलं, आणि माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णय हाच होता.

रात्रपाळीच्या फोल्डरांचे पुरावे एकमेकांशी भांडत होते. डिस्कवर नाव १४ तारखेचं, आतल्या स्पेक्ट्रो रिपोर्टवर १५. पाळी चौदाच्या रात्री सुरू होते, बहुतेक हीट मध्यरात्रीनंतर निघतात, रिपोर्टवर संगणकाची तारीख पडते. शिकाऊ इंजिनिअरचं म्हणणं, रिपोर्टवर छापलेली तारीख खरी, तीच घ्या. मॅडमचं म्हणणं, आजवर आम्ही १४ च धरत आलोय. संगणकाच्या बाजूने पाहिलं तर इंजिनिअर बरोबर होता.

शेवटी मेल्टिंग सुपरवायझरना बोलावलं. भट्टीवर आयुष्य काढलेला माणूस, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी प्रश्न ऐकला आणि आम्हालाच विचारलं, कास्टिंगवर काय उठतंय ते बघितलंय का? पॅटर्नवर (ज्यावरून वाळूचा साचा घडवतात तो नमुना) जो तारखेचा आणि पाळीचा शिक्का बसवतात तो पाळी सुरू होताना बसवतात. मध्यरात्री बारा वाजता मोल्डिंग थांबवून कुणी तो बदलत नाही. "तारीख बदलली म्हणून पाळी बदलत न्हाई," ते म्हणाले. म्हणजे रात्री तीन वाजता ओतलेल्या कास्टिंगवरही १४ च उठतं. ऑडिटरच्या हातात कास्टिंग असतं, त्यामुळे फोल्डरचं नाव कास्टिंगवर उठलेल्या तारखेशीच जुळलं पाहिजे.

नियम ठरला: तारीख पाळी सुरू झाल्याची, आणि शेवटी पाळीचं एक अक्षर. अ, ब, क असं आम्ही बोलायचो, नावात इंग्रजी ए, बी, सी. देवनागरी मुद्दाम टाळली. त्या संगणकावरच्या काळ्या कमांड खिडकीत देवनागरी अक्षर नीट वाचता येत नव्हतं, आणि वाचता न येणाऱ्या नावावर सही कशी करायची? ज्या जुन्या फोल्डरात दोन पाळ्यांचं एकत्र होतं, तिथे अक्षर 'एक्स' ठेवलं. ती फोडून वेगळी करायचा मोह मी आवरायला लावला. नाव बदलणं आणि आतल्या फाइली हलवणं ही दोन कामं एकाच वेळी केली की काय बिघडलं ते शोधता येत नाही.

हा प्रश्न मामांना विचारला नसता तर बॅच फाइल एकही त्रुटी न दाखवता चालली असती आणि रात्रपाळीचं प्रत्येक फोल्डर एका दिवसाने चुकलं असतं.

कृती: मग नावबदल

आता एक्सेलमध्ये पाच रकाने होते: सध्याचं नाव, मान्य तारीख, पुरावा, नवं नाव, आणि तपासणाऱ्याची खूण. सहाव्या रकान्यात सूत्राने एकेक ओळ तयार केली: 'रेन', मग अवतरणात जुनं नाव, मग अवतरणात नवं नाव. तो रकाना उचलून नोटपॅडमध्ये टाकला की झाली बॅच फाइल. 'फॉर' नाही, व्हेरिएबल नाही, अक्षरं मोजणं नाही. अकराशेच्या वर ओळी, सगळ्या एका साच्याच्या, कुणालाही वाचता येतील अशा. जुनं आणि नवं उलटं करून तशीच दुसरी फाइल काढली. ती परत फिरण्याची वाट.

आठ ओळींची चलाख फाइल टाकून हजार ओळींची साधी फाइल लिहिणं त्या इंजिनिअरला आधी पटलं नव्हतं. मला ते आवश्यक वाटतं, कारण आठ ओळींची फाइल नावं चालताना ठरवते, ही फाइल आधी ठरलेलीच नावं लावते. मॅडमनी यादीची छापील प्रत पाहिली, खुणा केल्या आणि चौदा ठिकाणी तारखा सुधारल्या. 'फॉर' च्या लूपमध्ये त्यांना ही संधीच मिळाली नसती.

काही बारकावे इथे लिहून ठेवतो, कारण यातला प्रत्येक आम्हाला चाचणीत भेटला. फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरीही सामावणारी अक्षरं साठवायची पद्धत), पण बीओएमशिवाय, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची ओळखखूण न टाकता, जतन करायची. बीओएम असला तर पहिल्या ओळीच्या आधी अदृश्य चिन्हं येतात आणि ती ओळ चालत नाही. नावात टक्क्याचं चिन्ह असेल तर बॅच फाइलमध्ये ते दोनदा लिहावं लागतं. दोन फोल्डरांत 'सिलिकॉन २.४%' असं होतं. 'अँड' चं चिन्ह (&) असलेलं नाव अवतरणात असेल तरच सुखरूप राहतं. आणि 'रेन' ला दुसऱ्या जागी फक्त नाव द्यायचं, पूर्ण पत्ता (ड्राइव्हपासूनचा मार्ग) दिला तर ती नकार देते.

चाचणीसाठी 'एक्सकॉपी /टी /ई' ने फाइली सोडून फक्त फोल्डरांचा सांगाडा दुसऱ्या ड्राइव्हवर उभा केला. म्हणजे खऱ्या संख्येवर, खऱ्या नावांवर चाचणी, आणि जागा जवळजवळ शून्य. त्यात तीन नावं एकमेकांवर आदळली, तिन्ही 'एक्स' अक्षराची होती. सुधारली. उलटी फाइल चालवून सांगाडा मूळ नावांवर परत येतो का तेही पाहिलं. आधीची आणि नंतरची यादी 'एफसी' या दोन फाइली ताडून पाहणाऱ्या कमांडने जुळवली. फरक शून्य आल्यावरच पुढे गेलो.

त्याच आठवड्यात मॅडमच्या लक्षात आलं की त्यांच्या रिजेक्शन रजिस्टरमध्ये थेट या फोल्डरांकडे जाणाऱ्या लिंक आहेत. पहिल्या प्रयत्नातच त्यातल्या बऱ्याच तुटल्या होत्या. आपल्याकडे आता जुनं-नवं नावांचा तक्ता होताच. रजिस्टरमध्ये लुकअप लावून नवं नाव आणलं आणि लिंक हायपरलिंक सूत्राने नव्याने बांधल्या.

प्रत्यक्ष बदल साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी केला. सामायिक फोल्डर बंद, स्पेक्ट्रोचा संगणक बंद. आधी 'रोबोकॉपी' या विंडोजच्या कॉपी कमांडने पूर्ण प्रत घेतली, या वेळी '/डीकॉपी:टी' लावून, म्हणजे फोल्डरांच्या तारखाही टिकतात. मग बॅच फाइल, त्रुटी लॉगमध्ये वळवून. 'रेन' यशस्वी झाली की काही बोलत नाही, त्यामुळे लॉगमध्ये जे येईल ते अडलेलंच. एकच ओळ आली, 'ॲक्सेस इज डिनाइड'. मॅडमच्या संगणकावर त्या फोल्डरातली पीडीएफ उघडी राहिली होती. बंद करून ती ओळ पुन्हा चालवली.

परिणाम

ऑडिटचा पाठपुरावा झाला तेव्हा ऑडिटरने पुन्हा रॅकमधूनच कास्टिंग निवडलं. नंबर वाचल्यापासून रिपोर्ट स्क्रीनवर यायला दोन-तीन मिनिटं लागली. आधीचा शेरा काढून टाकला गेला.

एक तक्रार नंतर आली. मायक्रोस्कोपखालच्या काही फोटोंच्या फाइली उघडेनात. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ग्रेड असं सगळं फाइलच्या नावात कोंबलेलं, त्यात वरच्या फोल्डरचं नाव तीन-चार अक्षरांनी वाढलं आणि पूर्ण पत्ता विंडोजच्या २६० अक्षरांच्या मर्यादेपलीकडे गेला. 'रेन' आतल्या फाइलींचे पत्ते मोजत नाही, ती फक्त समोरचं नाव बदलते. सगळ्यात वरच्या फोल्डरचं नाव आखडून प्रश्न सुटला.

रोजचं फोल्डर आता हाताने करत नाहीत. डेस्कटॉपवरच्या एका छोट्या बॅच फाइलवर पाळी सुरू होताना क्लिक करायचं, ती पाळीचं अक्षर विचारते आणि फोल्डर करते. तारीख घेण्यासाठी '%डेट%' वापरलेलं नाही, कारण ती संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे वेगवेगळी दिसते. पॉवरशेलच्या 'गेट-डेट' ला साचा देऊन ती घेतली जाते. मध्यरात्रीनंतर क्लिक केलं आणि अक्षर रात्रपाळीचं असेल तर ती आदल्या दिवसाची तारीख लावते. हा शेवटचा नियम त्या शिकाऊ इंजिनिअरनेच लिहिला, आणि त्याची चाचणी रात्रपाळीला थांबून स्वतः घेतली.

वेगळं काय करता आलं असतं

महापुराच्या वेळच्या घाईबद्दल मला काही म्हणायचं नाही. पाणी चढत असताना जो डेटा उतरवतो त्याने योग्यच केलं. पण निर्मितीच्या तारखा त्या साध्या कॉपीतच गेल्या. उतरवतानाच आणि परत चढवतानाही 'रोबोकॉपी' ने तारखांसकट प्रत घेतली असती तर निम्मे पुरावे हातचे गेले नसते.

पहिल्या प्रयत्नात दोन गोष्टींनी पुढचं सगळं टळलं असतं. 'फॉर /डी' ऐवजी 'फॉर /एफ' ला 'डिर' ची यादी दिली असती, तर ती यादी आधी पूर्ण तयार होते आणि कुठलंही फोल्डर दोनदा सापडत नाही. आणि 'रेन' च्या आधी 'एको' लिहून नुसत्या ओळी स्क्रीनवर काढल्या असत्या, तर ठिपकेवाली नावं पहिल्याच पानावर दिसली असती. मुलाला हे कुणी सांगितलं नव्हतं. खरं रेकॉर्ड लिहिण्याच्या परवानगीसह त्याच्यासमोर उघडं होतं, आणि तो दोष त्याच्याकडे जात नाही.

पत्त्यांची लांबी आधीच मोजता आली असती. एक्सेलमध्ये आतल्या फाइलींची यादी होतीच, लांबीचं एक सूत्र पुरलं असतं.

रजिस्टरच्या लिंकचा प्रश्न आम्हाला आठवडा उशिरा कळला. हे फोल्डर आणखी कोण उघडतं, कशातून उघडतं, हा प्रश्न पहिल्या बैठकीत प्रत्येक विभागाला विचारायचा. मी आता तसाच क्रम ठेवतो.

सात फोल्डरांची तारीख कुठल्याही पुराव्याने ठरली नाही. आत एकेक फोटो, त्यावर हीट नंबर अर्धवट. अंदाजाने तारीख द्यायला मॅडमनी नकार दिला आणि मी त्यांच्या बाजूने होतो. ती 'तारीख अनिश्चित' अशा वेगळ्या फोल्डरात ठेवली, सोबत तपासणाऱ्याची सही असलेल्या यादीची स्कॅन प्रत आणि उलटी बॅच फाइल.

आता पॅटर्नच्या ड्रॉइंगची फोल्डरं रांगेत आहेत. पॅटर्न शॉप म्हणतं, आमचा पॅटर्न नंबर आधी हवा. क्वालिटी म्हणते ग्राहकाचा पार्ट नंबर आधी, आणि रिव्हिजन नावात असावं की नसावं यावर दोन्हीकडे दोन मतं आहेत. त्यांचा नियम कागदावर येईपर्यंत त्या फोल्डरांवर एकही कमांड चालवायची नाही असं मालकांनी सांगितलंय.